आधी मागचं बोला

दसरा झाला की नगरमधला झेंडूचा वास दोन दिवसांत सुकतो आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर त्याच्या जागी फ्लेक्सच्या शाईचा वास येतो. नवा फ्लेक्स उलगडला की रॉकेल आणि ताज्या प्लॅस्टिकच्या मधला काहीतरी उग्र वास नाकात जातो, डोकं जरा जड होतं. दिल्ली गेटजवळ माझं छपाईचं लहानसं दुकान आहे. त्यामुळे हा वास माझ्या शर्टांना लागलेला असतो, डब्यातल्या पोळीला लागलेला असतो आणि बायकोच्या मते माझ्या स्वभावालाही लागलेला आहे.

यंदा तो वास पुन्हा आला. जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या निवडणुका इतक्या लांबल्या, की इच्छुकांच्या फोटोतले केस काळेच राहिले आणि डोक्यावरचे पांढरे झाले. आता ते सगळे चौकात हात जोडून उभे आहेत. भोंग्याच्या रिक्षा अजून सुरू झालेल्या नाहीत, पण त्यांची चाचणी चालू आहे. सकाळी दुकानाचं शटर वर करतो तेव्हा कुठूनतरी "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" ऐकू येतं आणि मी आधी कागदाचा साठा मोजायला घेतो. शाळेत परीक्षा जवळ आल्यावर उरलेले दिवस मोजायचो तसा.

मी नुसतं छापत नाही, मजकूरही लिहून देतो. आणि कुणा एकाला नव्हे, येईल त्याला. सकाळी एका पक्षाचं पत्रक, दुपारी त्याच्या विरोधकाचं. दोघांचे कार्यकर्ते माझ्याकडे समोरासमोर आले तर एकाच बाकावर बसून चहा पितात, आणि मी मात्र संगणकाच्या पडद्याआड तोंड लपवून बसतो. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. सुट्टे नाहीत म्हणून भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी तशीच पिशवीत टाकली तरी ती मला आठवडाभर टोचत राहते. मग एकाच दिवशी दोन उलट गोष्टी तितक्याच जोरात पटवून देणाऱ्या माणसाची अवस्था काय होत असेल! बायको म्हणते, "तुम्ही छापखाना चालवता की देऊळ? इथे येऊन कोण शपथ घेतंय?"

तिचं बरोबर आहे. तरी वर्षानुवर्षं माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. पक्षांचं भूमिका बदलणं हे पाप आहे, आणि त्या पापाला शुद्ध मराठीत बसवून देणारा मी त्यातला भागीदार आहे. या धंद्यातला एक शब्द तर मला झोपेतही ऐकू येतो. "पहिल्यापासून." पक्षाची भूमिका जितकी ताजी बदललेली, तितका हा शब्द पत्रकात ठळक हवा असतो. कालपरवापर्यंत ज्या धरणाला विरोध होता त्याचं पत्रक आज येतं आणि त्यात असतं, "हे धरण व्हावं ही आमची पहिल्यापासूनची मागणी." गावाचं नाव बदलायला आधी नको म्हणणारे, मग हो म्हणणारे, सगळे पहिल्यापासून. मी तो शब्द इतक्यांदा जुळवला आहे की कळफलकावर बोटं आपोआप तिकडे जातात.

माझी ही समजूत मोडली ती एका निवडणुकीच्या हंगामात, नेवासा तालुक्यात. पूर्ण मोडली असं नाही म्हणणार. पण तिला असा तडा गेला की त्यातून उजेड येऊ लागला.

तो विधानसभेचा हंगाम होता. थंडी नुकती उतरायला लागली होती. कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या बेतात होतं, ऊसतोडीच्या टोळ्या येऊन पाचटाच्या कोप्या उभारत होत्या, सकाळच्या धुक्यात त्यांच्या चुलींचा धूर वेगळा ओळखू यायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असा दाट उभा की जीपमधून जाताना आपण पाण्याच्या पाटातून चाललोय असं वाटावं. ऊस दिसायला देखणा, पण त्या भागातल्या बायका त्याच्याकडे पाहायच्या ती नजर वेगळी होती. उसात बिबटे होते. डोंगरातून कधीतरी खाली आलेले असतील, आता मात्र उसातच जन्मलेले आणि उसालाच घर समजणारे. आणि शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की घरातला कर्ता माणूस बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी भरायला जायचा आणि घरातली बाई जागी राहायची.

मला तिकडे ओढून नेलं शकीलभाईंनी. नेवाशात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकानाच्या एका अंगाला जळक्या वार्निशचा वास आणि तांब्याच्या तारेची वेटोळी, दुसऱ्या अंगाला पक्षाच्या झेंड्यांचे गठ्ठे आणि उपरण्यांची पोती. मिसरूड फुटल्यापासून एकाच पक्षात. तिकीट कधी मागितलं नाही, मागितलं असतं तरी मिळालं नसतं, हे त्यांनाही माहीत. तालुक्यातलं एकही गाव असं नाही जिथे त्यांना चहा विचारत नाहीत.

शकीलभाईंविषयी एक गोष्ट सांगायला हवी. एका निवडणुकीत त्यांच्या पक्षाला वाटलं की काही गावांत शकीलभाईंचा फोटो फ्लेक्सवर नसलेला बरा, आणि काही गावांत मात्र तो मोठा असावा. हवा तशी होती. मी दोन नमुने केले. एकात ते होते, एकात त्यांच्या जागी कमान होती. न्यायला कोण आलं? स्वतः शकीलभाईच. गठ्ठे टेम्पोत चढवता चढवता मला म्हणाले, "भाऊ, कुठल्या गावात मी हाय आन् कुठल्या गावात न्हाई, तेवढं गठ्ठ्यावर लिवून द्या. न्हाईतर मीच मला चुकीच्या गावात टांगून येईन."

टेम्पोवाला खो खो हसला. मीही हसलो. ते बदलणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आज तर अजिबात आवडत नाही. लोकांना जे ऐकायचं असेल ते पक्ष बोलायला लागले की त्यात असंही बोललं जातं, असंही पुसलं जातं. पुढे मी जे कौतुक करणार आहे, ते हे विसरून करत नाही.

तर त्या हंगामात शकीलभाईंच्या पक्षाने शेतीपंपाला दिवसा वीज द्यायची घोषणा केली. पत्रकाचा मजकूर मी लिहिला. पहिलीच ओळ अशी होती, "शेतकऱ्याला दिवसा वीज, ही आमची पहिल्यापासूनची मागणी." उमेदवार तात्या म्हणून ओळखले जायचे. साठीच्या आतले, बागायतदार, आवाज असा की माइक बंद पडला तरी सभा चालू राहावी. आधीच्या निवडणुकीत पडलेले होते आणि ते पडणं त्यांच्या चालण्यात अजून दिसायचं. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी नेवाशाला पोचवायला गेलो, तर शकीलभाई म्हणाले, "भाऊ, आज पिंपळसोंडीला कोपरा सभा हाय. चला. तुमचं लिवलेलं लोक कसं ऐकत्यात ते बघा तरी एकदा."

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत ते मी कधीच पाहिलं नव्हतं.

पिंपळसोंड हे प्रवरेच्या काठचं लहान गाव. मारुतीच्या देवळाला पत्र्याचा सभामंडप, खाली शहाबादी फरशी, दुपारच्या उन्हाने निम्मी तापलेली आणि निम्मी गार. लोक गार भागात दाटीवाटीने बसलेले. पुढे पुरुष, खांबांच्या पलीकडे बायका. हवेत उदबत्तीचा, तंबाखूचा आणि कुणाच्यातरी टोपलीतल्या ओल्या कांद्याच्या रोपाचा वास. अध्यक्षस्थानी म्हणावं तर एक आबा होते. गावच्या सप्ताहात वीणा त्यांच्या गळ्यात असते. बाकी पद काही नाही.

सप्ताहात पोथी वाचताना या गावात एक रीत आहे. आदल्या दिवशी जिथे वाचन थांबलं, ती शेवटची ओवी पुन्हा म्हणायची आणि मगच पुढे जायचं. वाचणारा नवा असला तरी त्याने कालचं म्हणूनच आजचं सुरू करायचं. कधीकाळी कुणी पुढारी ऐन सप्ताहात मत मागायला याच मंडपात उभा राहिला आणि तेव्हाच्या कुणा म्हाताऱ्याने त्यालाही तेच सांगितलं म्हणे. तेव्हा गंमत असेल, आता ती गावाची शिस्त झाली आहे. या मंडपात ज्याला बोलायचं त्याने मागच्या वेळी इथे आपण काय बोललो होतो ते आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग काय वाटेल ते बोला.

मला हे माहीत नव्हतं. तात्यांची मागची खेप पहिलीच होती, तेव्हा त्यांना कुणी मागचं विचारलं नव्हतं. शकीलभाईंना माहीत होतं, पण तात्यांना सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता.

पत्रकं वाटून झाली. तात्यांनी घसा साफ केला. "पिंपळसोंडीच्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो..."

"तात्या," आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "आधी मागचं."

"मागचं म्हणजे?"

"मागल्या निवडणुकीला आल्ता ना? हितंच हुभे हुते. इजेचं काय बोलला हुता ते बोला. मंग पुढचं."

तात्या हसले. सराईत माणसाचं हसणं. "आबा, एवढं कुठं लक्षात राहतं? रोज पाच सभा..."

"आमच्या हाय की ध्यानात," बायकांमधून आवाज आला. एक पस्तिशीची बाई उभी राहिली होती, हातात माझं पत्रक. शकीलभाई माझ्या कानाशी म्हणाले, "अर्चना. बाळूची मालकीन." बाळू खांबाला टेकून बसला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत बटण लावून बंद. गेल्या पावसाळ्यानंतर रात्री पाणी भरताना बिबट्याने त्याचा तो हात धरला होता. सोबतीला असलेल्या भावाने फावडं आपटलं म्हणून सुटला.

अर्चनाने पत्रक वाचायला सुरुवात केली. माझीच ओळ, तिच्या तोंडून. "शेतकऱ्याला दिवसा वीज, ही आमची पहिल्यापासूनची..." ती थांबली. "पहिल्यापासून? मागल्या खेपेला ह्येच तात्या हितं हुभं राहून म्हणले हुते..."

"तू नगं सांगू, पोरी," आबांनी हात वर केला. "त्यास्नीच सांगू दे. तू सांगितलं तर भांडान हुईल. त्यांनी सांगितलं तर कबुली हुईल."

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. मी माझ्या पायांच्या बोटांकडे पाहत होतो. तात्या म्हणाले, "हे बघा, त्या वेळची परिस्थिती वेगळी होती. विजेचा तुटवडा..."

"परिस्थिती मागून सांगा," आबा म्हणाले. "आधी वाक्य."

एक तरणा गडी पाठीमागून ओरडला, "तात्या, पेपर फुटलाय, लिवा आता!" हशा झाला. शकीलभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. तात्यांनी ती घेतली, प्यायले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना सगळं आठवतंय. माणसाला आठवत नसतं तेव्हा तो वर बघतो. ते खाली बघत होते.

मग त्या मोठ्या आवाजाचा माणूस लहान आवाजात बोलला. "मी म्हणालो होतो, रात्री का होईना वीज येते हे नशीब समजा. दिवसाची वीज कारखान्यांना लागते, त्यावर राज्य चालतं." थोडं थांबले. वाटलं, एवढ्यावर संपलं. बहुधा कुणी काही म्हणालं नाही म्हणूनच ते पुढे बोलले. "आणि म्हणालो होतो, ज्याला बिबट्याची भीती वाटते त्यानं ऊस लावू नये."

बाळूने मान खाली घातली. अर्चना उभीच होती. "तात्या, रातच्या आठवड्याला आमी दोघं फोन चालू ठिवतो. ह्ये उसात, मी घरात. बोलायचं काय? रोजचंच मानूस. मी आपलं मधनंच म्हणायचं, हायेस का. ह्यांनी म्हणायचं, हाय. मंग परत थोड्या येळानं, हायेस का. बॅटरी उतरंल म्हनून जास्ती बोलायचं न्हाई. त्या रातीला मी तीनदा म्हनलं, हायेस का." एवढंच बोलून ती थांबली.

"ए, बस की आता," बाळू पुटपुटला.

"बसते. पर ह्यास्नी सांगून बसते. मला दिवसाची वीज पायजे. बाकी तुमचं रस्तं न् सभागृह कुनाला बी द्या."

आबांनी तात्यांकडे पाहिलं. "वाक्य झालं. आता सांगा, बदललं कशापायी?"

इथे काय लिहितात ते मला माहीत आहे. "शेतकऱ्याचे अश्रू पाहून आमचं हृदय हेलावलं." माझ्याकडे असली वाक्यं तयार असतात. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा, निदान मला तसं वाटलं. मग ते म्हणाले, "खरं सांगू? मतांपायी. मागच्या वेळी या गावानं मला मत दिलं नाही. या काठच्या एकाही गावानं दिलं नाही. मी पडलो तेव्हा बसून विचार केला, ही गावं का गेली? तेव्हा हे वाक्य आठवलं. मतं गेली नसती तर नसतं आठवलं."

मला वाटलं, आता हे लोक चपला उचलतात. पण मंडपातली हवा एकदम सैल झाली. कुणी खोकलं, कुणी तंबाखूची पुडी उघडली, बायकांत कुजबुज झाली. आबा मान डोलवत होते. "ह्ये ब्येस बोलला. आमची दया आली म्हनला असता तर मी उठून गेलो असतो. दया आज हाय, उद्या न्हाई. मतं मातुर तुमाला दर खेपेला लागत्यात. आन् ती आमच्याकडंच हायेत. बोला आता पुढचं."

आणि तात्या पुढचं बोलले. दिवसा वीज कशी आणायची, गायरानात सौर पॅनेल बसवून गावच्या शेतीपंपांचा फीडर, म्हणजे त्यांची वेगळी वीजवाहिनी, कशी चालवायची, जागा कुणाची, अडचण कुठली. गावाने मध्येमध्ये तोंड घालून त्यांच्या योजनेची चार ठिकाणी दुरुस्ती केली. मी अनेक सभांचे मजकूर लिहिलेत. सभा अशी असते हे मला माहीत नव्हतं.

परतताना जीप नेवाशाच्या रस्त्याला लागली. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला होता. मग तात्या म्हणाले, "शकील, ते बिबट्याचं मी खरंच तसं बोललो होतो का रे? म्हणजे बोललो, पण इतकं वाईट?"

"बोलला हुता."

"आणि लोक?"

"हितं लोक गप बसले हुते. नेवाशाच्या सभेत परत बोलला, तवा टाळ्या पडल्या."

"कुणी वाजवल्या?"

शकीलभाई खिडकीबाहेर पाहत होते. "मी बी वाजवल्या हुत्या, तात्या."

एरवी पावलापावलाला अपराधी वाटून घेणाऱ्या मला त्या जीपमध्ये मात्र, कसं कुणास ठाऊक, हलकं वाटत होतं. या पापात आपल्याबरोबर आणखी दोन माणसं आहेत असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी तात्यांनी उरलेली पत्रकं वाटायची थांबवली. माझ्यासमोर बसून नवा मजकूर सांगितला. मागच्या वेळी आम्ही काय म्हणालो होतो ते आधी, बिबट्याच्या वाक्यासकट. मग, ते चुकलं. मग, तुम्ही मतं दिली नाहीत म्हणून कळलं. मग, आता दिवसा वीज. पक्षाच्या नगरच्या कार्यालयातून फोन आला. "तात्या, असं पत्रक कुणी काढतं का? विरोधक फ्रेम करून लावतील." तात्या म्हणाले, "लावू द्या. उलटसुलट बोलून एकदा पडलोय. आता सरळ बोलून काय होतं ते बघू."

मी ते जुळवलं. मला आठवतं, छपाई चालू असताना मशीनच्या खडखडाटात मी उगाचच एक प्रत उचलून पुन्हा पुन्हा वाचत होतो. पानाची शाई अंगठ्याला लागत होती.

दोन-चार दिवसांत विरोधी उमेदवाराचा माणूस माझ्या दुकानात आला. हातात तात्यांचं पत्रक. मला वाटलं, टर उडवणारं काहीतरी लिहायला सांगेल. तो म्हणाला, "आमालाबी पिंपळसोंडीला जायचंय. आमच्या साहेबांनी मागं काय म्हणलं हुतं ते सापडत न्हाई. तुमच्याकडं जुनं काही हाय का?" मी जुने गठ्ठे उपसले. साहेबांनी मागे म्हटलं होतं, दिवसा वीज दिली तर बिलं कोण भरणार. तो वाचून कपाळाला हात लावून बसला. "आता ह्ये त्यास्नी तोंडानं म्हनायला लावायचं?" पण गेले. साहेब त्या मंडपात उभे राहिले, तेही बोलले. मग तिसरा पक्षही गेला. हंगाम संपायच्या आत नदीकाठच्या त्या पट्ट्यात दिवसाच्या विजेला विरोध करणारा एकही पक्ष उरला नाही. शहरातले माझे मित्र हसले. "बघ, सगळे एका माळेचे. वारा फिरला की फिरले." मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. मी म्हटलं, वारा कुणी फिरवला ते तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलंय. तिच्या हातात माझं पत्रक होतं.

तेव्हापासून मी या गोष्टीवर पुष्कळ विचार करतो. ज्याच्याकडे गाडी आहे, बागायत आहे, आवाज आहे, तो माणूस पाच वर्षांतून एकदा ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्या दारात येतो, आणि तुला काय हवं असं विचारतो. आपण म्हणतो, स्वार्थापोटी येतो. येऊ दे ना. दुसरं काय त्याला आणू शकलं असतं? मी वर्षानुवर्षं ज्याला पाप म्हणत होतो, ते त्या मंडपात मला ऐकणं वाटलं. उशिराचं, नाइलाजाचं, पण ऐकणं. माणूस एरवी आपलं मत बदलायला किती झगडतो! मी स्वतः धाकट्या भावाशी एका फालतू गोष्टीवरून अबोला धरून बसलो होतो, आणि तुझं बरोबर होतं एवढं म्हणायला मला काही वर्षं लागली. पक्ष ते पाच वर्षांत म्हणतात. तात्यांनी तर शंभर माणसांसमोर म्हटलं, पाण्याचा घोटही न घेता.

वाईट बदलही होतातच. शकीलभाईंचा फोटो काढणारेही मतांसाठीच ऐकत होते. फरक मला एवढाच दिसतो की त्या गावांत कुणी उभं राहून, आधी मागचं बोला, असं म्हणालं नव्हतं. तसं कुणी म्हणालं असतं तर फ्लेक्सवरच्या कमानीच्या जागी माणूस राहिला असता असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

तात्या पुन्हा पडले. थोडक्यात पडले, पण पडले. पिंपळसोंडीने मतं दिली, बाकीच्या गावांना साहेब जवळचे वाटले. निकालाच्या दिवशी मी घाबरत घाबरत शकीलभाईंना फोन केला. ते नेहमीसारखे मोटारीवर वाकलेले असणार, तारेचा आवाज येत होता. म्हणाले, "मानूस पडला भाऊ, मागनी निवडून आली." आणि खरंच, साहेबांना ते काम करावंच लागलं. आपण त्या मंडपात काय बोललो ते पुढच्या वेळी सांगावं लागणार, हे त्यांना माहीत होतं. गायरानातली जागा, मोजणी, अर्ज, खांब, पुन्हा अर्ज, असं करत करत बराच काळ गेला. मधल्या रात्रींना अर्चना आणि बाळूचा फोन चालूच असणार. मी त्या रात्रींचा विचार करतो तेव्हा कौतुक जरा आवरून घेतो. पण पॅनेल बसले. फीडर सुरू झाला. रात्रीचा आठवडा संपला.

परवा शकीलभाई मला पुन्हा घेऊन गेले. यंदाच्या निवडणुकीत कुठे काय मागणी आहे ते पाहायला ते गावोगाव फिरताहेत. भर दुपार होती आणि ऑक्टोबरचं ऊन असं की बांधावरचं गवतही मान टाकून उभं. बाळू उसाला पाणी भरत होता. बाह्या दुमडलेल्या, डाव्या हातावरचे व्रण आता कातडीच्या रंगाचे झालेले. पाटात पाणी चकाकत होतं. अर्चना त्याला भाकरी घेऊन आली होती आणि जागा नाही म्हणून पंपाच्या पत्र्याच्या खोक्याच्या हातभर सावलीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"काय बाळू, दिवसाची वीज मिळाली, आता मजा हाय की," शकीलभाई म्हणाले.

बाळूने टॉवेलने कपाळ पुसलं. "मजा कसली चाचा? लई ऊन लागतं. रातच्याला कसं गार वाटायचं."

अर्चनाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो घाईघाईने पाटाकडे बघू लागला. मग ती हसत सुटली. पदर तोंडावर घेऊन, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "चाचा, ऐकलं का? आमच्या मालकास्नी आता सावली पायजे. लिवा. पक्षाला सांगा, बांधाबांधावर झाडं लावा न् सावली द्या, तरच मत."

मीही हसलो. शकीलभाई हसले नाहीत. ते उन्हातून डोळ्यांवर हात धरून दूरपर्यंत उसाच्या शेतांकडे पाहत होते. एकही झाड नव्हतं. मग वळले आणि अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, "तुमच्यावानी असं उन्हात बसनारे किती जन हायेत?"

अर्चना हसायची थांबली. पदराने डोळे पुसून ती उभी राहिली आणि एकेका बांधाकडे बोट दाखवत नावं सांगू लागली.